ओल, ऊन आणि वजन : नाशिक जिल्ह्यातील लाकडी इंधनाच्या वाळवणाचा इतिहास

सुक्याबरोबर ओलेही जळते, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती माणसांच्या न्यायान्यायाविषयी योजली जात असली तरी तिचा उगम चुलीपाशीच झाला असला पाहिजे. आणि चुलीपुरते बोलावयाचे तर ती अर्धीच खरी आहे. ओले जळते खरे, परंतु ते जळावे म्हणून सुक्याला आपली बरीचशी उष्णता खर्ची घालावी लागते. हा खर्च कोणी सोसावयाचा, हा प्रश्न दिसावयास क्षुल्लक आहे. तो कधी उन्हावर टाकला गेला, कधी जंगलात राबणाऱ्या मजुरावर, कधी वखारीतून जळण नेणाऱ्या गिऱ्हाइकावर, आणि अलीकडे वाळवणयंत्र विकत घेणाऱ्या कारखानदारावर. या स्थित्यंतराचा नाशिक जिल्ह्यापुरता मागोवा घेणे एवढाच प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

लाकडाचा भुसा, ढलप्या, छाटणीच्या काड्या असा टाकाऊ माल सुकवून व दाबून त्याचे इंधन करण्याचा उद्योग महाराष्ट्रात गेल्या चार दशकांत वाढला. त्याला लागणारे 'ड्रायर' कोणते व केवढे घ्यावे, याचा विचार सामान्यतः अभियंते व सावकारी संस्था करतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्यात डोके का घालावे, अशी शंका घेतली जाईल. तिला उत्तर असे की, यंत्राच्या किंमतपत्रकात जी गोष्ट गृहीत धरलेली असते, म्हणजे माल किती ओला येणार व कोठून येणार, ती गोष्ट त्या प्रदेशाच्या इतिहासानेच ठरविलेली असते.

प्रथम थोडा हिशेब. नुकत्याच तोडलेल्या लाकडात एकूण वजनाच्या ४० ते ५५ टक्के पाणी असते. उघड्यावर रचून एखाददुसरा उन्हाळा गेला की हे प्रमाण १५ ते २० टक्क्यांवर येते. अगदी कोरडे लाकूड दर किलोस सुमारे ४,५०० किलोकॅलरी उष्णता देते. पण अर्धे पाणी असलेल्या एक किलो लाकडापासून हाती लागते ती दोन हजारांच्या आतच. यातील मोठी तूट वाफ करण्यात जात नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. एक किलो पाणी तापवून त्याची वाफ करण्यास सुमारे ६०० किलोकॅलरी पुरतात. खरी तूट ही की, आपण लाकूड म्हणून जे मोजून घेतले त्यात अर्धे लाकूड नव्हतेच. वजनावर विकल्या जाणाऱ्या मालात ओल ही व्यापाराची गोष्ट होते ती अशी.

येथे परिभाषेचा एक घोळही नमूद करावयास हवा, कारण यंत्रखरेदीत तो अद्याप माणसांना फसवितो. इंधनवाले ओलीचे प्रमाण एकूण वजनावर काढतात. इमारती लाकडाचे शास्त्रज्ञ ते कोरड्या लाकडाच्या वजनावर काढतात. एकाच्या भाषेत जे ५० टक्के ते दुसऱ्याच्या भाषेत १०० टक्के होते. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेच्या परंपरेतले लाकूड सुकविण्याविषयीचे लेखन वाचून जो इंधनाचे यंत्र घेण्यास निघेल त्याने हा फरक आधी मनाशी पक्का करावा. प्रस्तुत निबंधात सर्वत्र एकूण वजनावरील प्रमाण दिले आहे.

आता भूमीकडे वळू. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा नाशिकविषयक सोळावा खंड १८८३ साली निघाला. त्यात जिल्ह्याचे डांग आणि देश असे दोन भाग सांगितले आहेत, आणि ही विभागणी आमच्या विषयाची किल्ली आहे. सह्याद्रीला लागून असलेला पश्चिमेचा डोंगराळ पट्टा म्हणजे डांग: पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरी आणि कळवणचा पश्चिम भाग. पूर्वेचा मोकळा सपाट पट्टा म्हणजे देश: निफाड, सिन्नर, येवले, चांदवड, मालेगाव. इगतपुरीस वर्षाला तीन हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो. नाशिक शहरात सातशेच्या आसपास. मालेगावकडे त्याहूनही कमी. साग आणि इतर जळाऊ लाकूड होते ते डांगात. ऊन, वाहतुकीचे रस्ते, बाजारपेठा व चुली होत्या त्या देशात. जेथे लाकूड होते तेथे वाळवण्यास चार महिने ऊन नव्हते, आणि जेथे ऊन होते तेथे वाळवावयास लाकूड नव्हते. या एका विसंगतीतून जिल्ह्याचा जळणाचा व्यापार घडला.

या विसंगतीवर जुन्या काळाने काढलेली तोड दोन प्रकारची होती. पहिली तोड काळाची. पावसाळा संपल्यावर तोड करावयाची, उन्हाळाभर लाकूड जागेवर पडू द्यावयाचे आणि मृगापूर्वी ते गाडीने उतरवावयाचे. शेतकरी घरांतूनही हीच रीत होती. आखाडाच्या आत सरपण घरात रचून होणे हे नीट संसाराचे लक्षण समजले जाई. दुसरी तोड कोळशाची. कोळसा पाडणे म्हणजे लाकूड वाळविण्याचीच क्रिया टोकाला नेणे होय. मातीच्या भट्टीत लाकडाचे पाणी जाते, मग त्याचे वायू व डांबरही जातात, आणि उरते ते मूळ वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतके, पुष्कळदा त्याहूनही कमी. परंतु ते हलके असते, कुजत नाही, आणि सुरगाण्याहून नाशिकपर्यंत बैलगाडीने आणणे त्याचेच परवडते. लोणाऱ्यांसारख्या कोळसा पाडणाऱ्या जातींचा व्यवसाय या गणितावर उभा होता. ते गणित उधळपट्टीचे आहे, हेही येथेच सांगून टाकावे. उन्हात सुकलेल्या एक किलो लाकडात सुमारे ३,६०० किलोकॅलरी असतात. त्यापासून मिळणाऱ्या २०० ग्रॅम कोळशात १,४००. म्हणजे लाकडातली साठ टक्क्यांहून अधिक उष्णता जंगलातच धुरावाटे निघून जाई. लाकूड भरपूर आणि वाहतूक महाग असेल तोवर हा तोटा कोणाला जाचत नसे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन घटनांनी हे चित्र पालटले. पहिली, रेल्वे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा थळ घाट १ जानेवारी १८६५ रोजी खुला झाला आणि नाशिकचा देश मुंबईस जोडला गेला. दुसरी, वनांचा कायदा. १८६५ चा पहिला कायदा, त्यानंतर १८७८ चा अधिक कडक कायदा, यांनी राखीव जंगलांची सीमा आखली. त्याच १८७८ मध्ये पेठ संस्थान खालसा होऊन जिल्ह्यात आले. जंगलावरील लोकांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की मुंबई सरकारला १८८५ ते १८८७ या काळात एक वन आयोग बसवावा लागला. या सर्व वादात चराई, राब आणि इमारती लाकूड यांची चर्चा पुष्कळ आहे. ओलीची चर्चा जवळजवळ नाही. ती नसणे स्वाभाविक असले तरी तिचे परिणाम होतेच.

ते कसे, हे पाहण्यासाठी कुपाच्या व्यवहाराकडे बघावे. सरकार कूप लिलावाने विकी; ठेकेदार तो घेई; तोड करणारा कोकणा, वारली किंवा महादेव कोळी मजूर. जंगलात जळाऊ लाकूड मोजले जाई ते चट्ट्याने, म्हणजे आकारमानाने. शहराच्या वखारीत ते विकले जाई मणाने, म्हणजे वजनाने. लाकडाचे आकारमान ओलीने फारसे बदलत नाही, वजन मात्र दुपटीपर्यंत बदलते. आकारमानाने घेऊन वजनाने विकणाऱ्यास ओले लाकूड विकण्यात लाभ आहे आणि ते वाळत ठेवण्यात भांडवलही अडकते व मालही 'घटतो'. वखारीतल्या 'घट' या शब्दात हा सगळा अर्थव्यवहार सामावला आहे: गिऱ्हाइकाच्या दृष्टीने जो गुण, तोच वखारवाल्याच्या दृष्टीने तोटा. उलट डोक्यावर मोळी आणून विकणाऱ्या बाईचा व्यवहार पाहावा. मोळीची किंमत नगावर ठरते. ओली मोळी तिच्याच मानेवर भार होते. म्हणून ती वाळलेलेच आणते. तिच्या या वाळवणाचे मोल मात्र कधी कोणी तिला वेगळे मोजून दिले नाही.

१९३५ च्या कायद्यान्वये जे अंशतः वगळलेले प्रदेश ठरविण्यात आले त्यांत नाशिक जिल्ह्यातील कळवण तालुका व पेठ महाल होते. या प्रदेशांतील आदिवासी व डोंगरी जमातींच्या स्थितीविषयी डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्याने मुंबई सरकारला जो अहवाल दिला, त्यात सावकार, जमीनदार व जंगलठेकेदार यांच्या हातून होणाऱ्या पिळवणुकीचे चित्र आहे. त्याच विचारधारेतून पुढे बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात, १९४७ पासून, जंगल कामगारांच्या सहकारी सोसायट्या निघू लागल्या, आणि ठेकेदाराऐवजी कूप सोसायटीला देण्याचे धोरण आले. ठाणे जिल्ह्याप्रमाणे नाशिकच्या डांगातही अशा सोसायट्या झाल्या. सहकाराच्या इतिहासकारांनी त्यांचे मोल मजुरीच्या दराने मापले आहे, आणि ते योग्यच आहे. पण आमच्या मते त्यांचे एक अपूर्ण राहिलेले काम असे की, लाकूड जंगलातच वाळवून, तोलून, त्याच्या सुकेपणाची किंमत आपल्या पदरात पाडून घेण्याची सोय त्यांना क्वचितच करता आली. पावसाळ्याच्या तोंडावर डेपो रिकामा करण्याची घाई त्यांनाही ठेकेदाराइतकीच असे.

दरम्यान दुसरे महायुद्ध येऊन गेले होते. युद्धाने ओलीचा प्रश्न एकाएकी मोटारीच्या टपावर आणून बसविला. १९४१ साली हिंदुस्थानात पेट्रोलचे रेशनिंग सुरू झाले आणि खाजगी बसमालकांनी गाडीच्या मागे गॅसचे नळकांडे बसविले. त्यात कोळसा पेटवावयाचा, पंखा फिरवून हवा द्यावयाची, आणि निघणारा वायू गाळून इंजिनात सोडावयाचा. या 'कोळशाच्या गाड्यां'च्या आठवणी जुन्या माणसांनी महाराष्ट्रभर सांगितल्या आहेत: निघण्यापूर्वीची ती लांबलचक तयारी, काळे झालेले क्लीनरचे हात, आणि चढावर गाडीचा सुटणारा दम. पेट्रोलच्या मानाने इंजिनाची शक्ती निम्म्याच्या आसपास घटत असे, तेव्हा घाटात काय होत असेल याची कल्पना करता येते.

प्रश्न असा की आपल्याकडे कोळसाच का? युरोपात याच काळात सरळ लाकडावर मोटारी धावत होत्या. जॉर्ज इंबेर या अभियंत्याने १९२० च्या दशकात विकसित केलेल्या जनित्रात लाकडाचे ठोकळेच जळत. युद्धकाळात स्वीडनमध्ये अशा तऱ्हेच्या वायूवर चालणाऱ्या वाहनांची संख्या सत्तर हजारांपर्यंत गेली होती, त्यांत कोळशावरची होती तशी लाकडावरचीही होती. लाकूड सरळ वापरल्याने भट्टीतला साठ टक्क्यांचा तोटा वाचतो. मात्र त्यास एक अट आहे: ठोकळ्यात पाणी वीस टक्क्यांच्या वर असता कामा नये. असले तर भट्टीचा निखारा थंड पडतो, डांबर पूर्ण जळत नाही आणि ते इंजिनाच्या झडपांत जाऊन चिकटते. म्हणून जर्मनीत 'टांकहोल्झ', म्हणजे मोटारीच्या टाकीचे लाकूड, कापून व सुकवून पुरविण्याची स्वतंत्र यंत्रणा उभारण्यात आली आणि रस्तोरस्ती त्याची ठाणी झाली. तेथे वाळवणाचा खर्च एका संघटित उद्योगाने व शासनाने उचलला. आपल्याकडे असे वाळवणघर कोणी उभारले नाही. आपण ते काम मातीच्या भट्टीवर, म्हणजे पर्यायाने जंगलावर आणि कोळसा पाडणाऱ्यावर सोपविले. युद्धोत्तर काळात पेट्रोल मिळू लागले, १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली, आणि गॅसची नळकांडी भंगारात गेली. त्यांच्याबरोबर इंधनासाठी लाकूड शास्त्रीय रीतीने सुकविण्याची निकडही गेली. आमच्या मते ही एक हुकलेली संधी होती.

यंत्राने इंधन वाळविण्याची कला मुळात लाकडासाठी जन्मलीच नाही. तिचे आद्य क्षेत्र जर्मनीतील तपकिरी कोळसा हे होय. या कोळशात निम्मे पाणी असते. बव्हेरियाच्या कार्ल एक्स्टर याने बसविलेल्या दट्ट्याच्या दाबयंत्राने हाले शहराजवळ आमेनडॉर्फ येथे १८५८ साली त्याच्या विटा पाडण्यास आरंभ झाला. आणि वीट धरण्यापूर्वी माल सुकविणे हे त्या कारखान्यांचे निम्मे काम असे. आज आपल्याकडे भुशाच्या कांड्या पाडणारे दट्ट्याचे यंत्र त्याच कुळातले आहे. त्यानंतरचा टप्पा उसाच्या चिपाडाचा. चरकातून निघालेल्या चिपाडात ५० टक्क्यांच्या आसपास पाणी असते आणि साखर कारखाने ते तसेच बॉयलरखाली घालतात. लुईझियानातील प्राध्यापक ई. डब्ल्यू. कर यांनी १९१० च्या सुमारास धुराड्याच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर चिपाड सुकवून पाहिले आणि ओल आठ-एक टक्क्यांनी उतरविली, तेवढ्याने वाफेचे उत्पादन लक्षात येण्याजोगे वाढले.

हा दुवा आमच्या जिल्ह्यास परका नाही. मालेगाव तालुक्यात रावळगाव येथे वालचंद हिराचंद यांनी १९२३ साली माळरान घेऊन शेती उभी केली आणि साखरधंद्यास १९३२ साली संरक्षण मिळाल्यावर १९३३ साली तेथे साखर कारखाना निघाला. नाशिक जिल्ह्यात वनस्पतिजन्य टाकाऊ माल हे कारखान्याचे मुख्य इंधन होण्याचे हे ठळक उदाहरण होय. पण चिपाड हे कारखान्याचे स्वतःचे, फुकटचे, आणि बहुधा गरजेपुरते असे. जेथे इंधन फुकट असते तेथे ते वाळविण्याचे यंत्र कोणी विकत घेत नाही. चिपाडाला कागद गिरण्यांकडून आणि पुढे विजेच्या विक्रीतून किंमत आली, त्यानंतरच या धंद्यात वाफेची काटकसर हा चर्चेचा विषय झाला.

इमारती लाकूड सुकविण्याच्या भट्ट्यांविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण त्या व इंधनाचे ड्रायर यांची गल्लत होते. डेहराडूनची संस्था १९०६ साली स्थापन झाली आणि तिने हिंदी लाकडांच्या वाळवणाचा पद्धतशीर अभ्यास केला. परंतु त्या अभ्यासाचे ध्येय लाकूड फाटू नये, वाकू नये हे होते. म्हणून तेथे उष्णता मंद, हवा मुद्दाम दमट, आणि मुदत दिवसांची किंवा आठवड्यांची. इंधन फाटले तर बिघडत नाही. फाटले तर बरेच. त्याला हवी प्रखर उष्णता आणि मिनिटांची मुदत. एकाची विद्या दुसऱ्याच्या उपयोगी पडत नाही.

आता आरागिरणीकडे येऊ. आरागिरणीत ओंडका कापताना भुसा पडतोच. ढलप्या, साली व कडांचे तुकडे निराळे. पूर्वी हा माल हॉटेलांच्या भुशाच्या शेगड्यांत, विटांच्या भट्ट्यांत, मालेगावच्या साईझिंगच्या बॉयलरांत जाई किंवा गिरणीच्या मागे कुजे. अमेरिकेत आयडाहो राज्यातील लुइस्टन येथे १९३० च्या दशकात रंध्याच्या कोरड्या ढलप्या दाबून, कोणतेही चिकट द्रव्य न घालता, ओंडके करण्याचे यंत्र निघाले. तेथे वाळविण्याचा प्रश्न नव्हता, कारण ढलपी ही आधीच सुकविलेल्या लाकडाची होती. आपल्याकडे १९८० च्या दशकात दट्ट्याची यंत्रे आली तेव्हा ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात राहिली नाही. दाबयंत्र मोठ्या हौसेने घेतले गेले आणि ड्रायर हा नंतर पाहण्याचा विषय समजला गेला. दिल्लीच्या आय. आय. टी.तील पी. डी. ग्रोव्हर व एस. के. मिश्र यांनी १९९६ साली राष्ट्रसंघाच्या अन्न व शेती संघटनेसाठी जे पुस्तक लिहिले, त्यात कच्च्या मालाची ओल दहा टक्क्यांच्या आसपास आणणे ही या उद्योगाची पूर्वअट म्हणून मांडली आहे. ओल जास्त असली तर साच्यात अडकलेली वाफ कांडी फोडून बाहेर पडते. फारच कमी असली तर कांडी धरत नाही.

याच सुमारास कच्च्या मालाची बाजूही बदलली. १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने जंगलतोडीवर आणि आरागिरण्यांवर कडक नियंत्रण आले. जंगलचा ओंडका कमी झाला. बांधावरचे बाभूळ-कडुनिंब, निलगिरी, सुबाभूळ आणि परदेशी पाइन यांचे प्रमाण वाढले. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत यंत्रे बांधून येणाऱ्या खोक्यांचे पाइन बरेचसे कोरडे असते. बांधावरचे बाभूळ तोडल्याच्या आठवड्यात गिरणीत येते. एकाच वखारीच्या अंगणात पंधरा टक्क्यांचा आणि पन्नास टक्क्यांचा भुसा शेजारी शेजारी पडलेला असतो, आणि पावसाच्या एका सरीने दोन्ही सारखे होतात.

यंत्र विकत घेणाऱ्याची खरी परीक्षा येथे आहे. विक्रेता सांगतो, 'तासाला एक टनाचा ड्रायर.' हे वाक्य निरर्थक आहे. दहा टक्के ओलीचा एक टन माल हवा, म्हणजे कोरडे लाकूड ९०० किलो हवे. भुसा जर २५ टक्के ओलीचा असेल तर १,२०० किलो घालून २०० किलो पाणी काढावे लागेल. तोच भुसा आषाढात ५० टक्क्यांचा झाला तर १,८०० किलो घालून ८०० किलो पाणी काढावे लागेल. माल तेवढाच, काम चौपट. म्हणून ड्रायर टनावर न घेता ताशी किती किलो पाणी उडविणार यावर घ्यावा, आणि कोणत्या महिन्यातल्या मालावर ते ठरविले हे करारात लिहून घ्यावे. वैशाखात चाचणी देऊन पैसे उचलणारे यंत्र श्रावणात तोंडघशी पाडते.

इंधनाचाही हिशेब असाच. फिरत्या पिंपाच्या साध्या ड्रायरला एक किलो पाणी उडविण्यास, धुराड्यातून व अंगातून जाणारी उष्णता धरून, सुमारे ९०० किलोकॅलरी लागतात असे मानू. पन्नास टक्के ओलीच्या एक टन भुशापासून दहा टक्क्यांचा ५५५ किलो माल निघतो आणि ४४५ किलो पाणी उडते. त्यास चार लाख किलोकॅलरी हव्यात. म्हणजे त्या ५५५ किलोंपैकी शंभर किलो भट्टीतच घालावे लागतात. जवळजवळ पाचवा हिस्सा. मातीच्या भट्टीतल्या साठ टक्क्यांपेक्षा हे पुष्कळ बरे. उन्हातल्या शून्यापेक्षा मात्र महागच. यंत्राच्या जातींविषयी येथे विस्तार करीत नाही. बारीक भुशाला उष्ण हवेच्या नळातून उडवीत नेणारे 'फ्लॅश' यंत्र स्वस्त व पुरेसे असते, ढलप्यांना ते चालत नाही. ढलप्या व साली यांना फिरते पिंप लागते. पट्ट्याचे यंत्र मंद उष्णतेवर चालते व आगीची धास्ती कमी करते, पण भांडवल फार अडकविते. आगीची धास्ती ही पुस्तकी गोष्ट नाही. कोरड्या भुशाची धूळ हवेत मिसळली असता एका ठिणगीने भडका घेते, आणि किंमत उतरविण्यासाठी पहिल्याने गाळली जाते ती बहुधा ठिणगी विझविण्याची व्यवस्थाच.

असो. या सगळ्यात डांग आणि देश यांचे जुने गणित अलीकडे एका अनपेक्षित दिशेने उलटले आहे. दिंडोरी, निफाड, चांदवड या भागांत द्राक्षबागा पसरल्या. आपल्याकडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते: एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी. खरड छाटणीत वर्षभराच्या काड्या एक-दोन डोळ्यांवर आणतात, म्हणून लाकूड जास्त निघते ते तेव्हा, आणि नेमके त्यानंतर वैशाख येतो. जेथे ऊन होते तेथे लाकूड नव्हते, हे जे विधान आम्ही वर केले ते आता देशापुरते खरे राहिलेले नाही. बांधावर पसरलेली काडी कापून उलटपालट केली तर मृगापूर्वी यंत्राविना पुरेशी सुकते. तिला हवे ते छप्पर, ड्रायर नव्हे. पुण्याच्या 'आरती' संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली उसाच्या पाचटापासून कांडी कोळसा करण्याची जी रीत बसविली, आणि जिला २००२ साली अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला, तिचेही मर्म हेच की शेतातला जो माल हंगामानेच कोरडा हाती येतो तोच निवडावयाचा.

अर्थात बागेच्या काडीवर दुसरेही हक्क आहेत. अनेक बागाइतदार ती बारीक करून वेलीच्या मुळाशीच आच्छादन म्हणून पसरतात, आणि जमिनीच्या दृष्टीने त्यांचे चुकते असे म्हणता येत नाही. शिवाय बोर्डो मिश्रणाच्या फवाऱ्यांमुळे काडीवर ताम्र असते. तिच्या राखेचे काय करावयाचे याचा विचार इंधनवाल्याने आधीच करावा हे बरे.

मागणीच्या बाजूने मोठा धक्का सरकारी धोरणाने दिला. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने औष्णिक केंद्रांत कोळशाबरोबर पाच टक्के जैव गोळ्या जाळण्याचे धोरण जाहीर केले. त्या गोळ्या मुख्यतः शेतीच्या अवशेषांच्या असाव्यात असे त्यात आहे. म्हणजे आरागिरणीच्या भुशापेक्षा द्राक्षाच्या काडीला त्यात अधिक सरळ प्रवेश. नाशिकजवळ एकलहरे येथील केंद्राचे २१० मेगावॅटचे तीन संच १९७९ ते १९८१ या काळात सुरू झाले. अशा एका संचास पूर्ण भारावर तासाला सव्वाशे ते दीडशे टन कोळसा लागतो. त्याचे पाच टक्के म्हणजे तासाला सहा-सात टन गोळ्या, वर्षाचे बाराही महिने. ज्याचा ड्रायर वर सांगितलेल्या एक टनाच्या मापाचा आहे अशा कारखानदाराने हा आकडा नीट पाहावा. उन्हावर वाळविलेला माल मृगापर्यंत पुरेल. आषाढ, श्रावण व भाद्रपदातल्या पुरवठ्यासाठी एक तर चार महिन्यांचा साठा छपराखाली ठेवावा लागेल, नाही तर यंत्र. छपराचे भाडे व अडकलेल्या भांडवलाचे व्याज एका पारड्यात, आणि पाचव्या हिश्श्याचे इंधन व यंत्राचा हप्ता दुसऱ्या पारड्यात, अशी ही तुलना आहे. दिंडोरीस तिचे उत्तर एक येईल आणि पेठेस दुसरे.

पेठेस ते कोण काढणार, हा प्रश्न मात्र अजून उघडाच आहे. तेथील सोसायटीकडे ओला माल आहे, पावसाळा चार महिन्यांचा आहे, आणि तोलकाटा अजूनही बहुतेक घाटाखालच्या वखारीत किंवा कारखान्याच्या दाराशी आहे.